कापरेकरांचे अंक आणि उपयुक्ततेची फूटपट्टी

गेल्या शतकात महाराष्ट्रातील ज्या मोजक्या माणसांची नावे जगाच्या गणिती परिभाषेत कायमची रुजली, त्यांत देवळालीच्या एका शाळामास्तरांचे नाव आहे. आपल्याकडील सुशिक्षित वर्गालाही ही गोष्ट पुरती ठाऊक नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे ते नाव. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. पदव्युत्तर शिक्षणही त्यांच्या वाट्याला आले नाही. संशोधन संस्था, शिष्यवृत्ती, सहायक, यंत्रे यांपैकी कशाचाही आधार त्यांना नव्हता. तरीही कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या हे शब्द आज जपानपासून अमेरिकेपर्यंत अंकशास्त्राचे विद्यार्थी सहजपणे वापरतात. ज्या समाजात हा माणूस एक्क्याऐंशी वर्षे जगला, त्या समाजाने त्याच्या कामाचे मोल कोणत्या मापाने केले, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. आणि तो केवळ गणिताचा प्रश्न नाही.

बेताची परिस्थिती, एकच शाळा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच आईचे छत्र हरपले आणि मुलाचे संगोपन वडिलांवर येऊन पडले. वडील पेशाने कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. फलज्योतिषाच्या खरेखोटेपणाविषयी मतभेद असू शकतील. पण कुंडली मांडायची तर आकडेमोड आली, आणि ज्या घरात रोज आकडेमोड चालते त्या घरातील मुलाला अंकांचे भय वाटत नाही. माध्यमिक शिक्षण ठाण्याला पार पडले. तेथेच गणिती कोडी सोडविण्याचा छंद जडला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

१९२३ साली कापरेकरांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये गणितातील स्वतंत्र कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी पदरात पडली आणि दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळामास्तराची नोकरी पत्करली. लष्करी छावणीचे हे छोटे गाव हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे, ते तेथेच शिकवीत राहिले. बढतीच्या मागे लागून गाव बदलले नाही, की मोठ्या पगाराच्या आशेने पेशा बदलला नाही. दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळी अंक, असा हा सरळ हिशेब होता.

सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

कापरेकरांच्या कामाची जात कळण्यासाठी कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच की तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणादाखल त्यांच्या जन्माचे वर्ष, १९०५, घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. याच रीतीने पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा पायऱ्या लागतात आणि सातव्या वजाबाकीला ६१७४ हे उत्तर येते. ६१७४ वर तीच क्रिया केली की ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. येथे गाडी थांबते. कोणत्याही संख्येपासून निघा, सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. ते निवर्तले ते वर्ष १९८६. ते सहाव्या पायरीला त्याच मुक्कामी पोहोचते.

यात जादू नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज म्हणजेच ते उत्तर. आरंभीची शून्ये धरून पात्र संख्या ९,९९० होतात; परंतु पहिल्याच पायरीनंतर त्यांतून केवळ ५४ निरनिराळी उत्तरे संभवतात. मग त्या ५४ संख्यांची तपासणी हा एका दुपारचा उद्योग उरतो. तीन अंकी संख्यांच्या बाबतीत हाच मुक्काम ४९५ वर होतो. दोन अंकी आणि पाच अंकी संख्यांना मात्र असा एकच मुक्काम नाही. त्या वर्तुळात फिरत राहतात. नियम एक, पण अंकांची संख्या बदलताच वागणूक बदलते. जिज्ञासा जागी करणारी खरी गोष्ट ही आहे.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि पुढे अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तो छापला गेला. मराठवाड्याच्या वाचकाला कालमान समजावे म्हणून एवढेच सांगणे पुरे की, आजचा धाराशिव आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आदल्याच वर्षी, १९४८ च्या सप्टेंबरात, निजामी अमलातून मुक्त झाला होता. अशा घडामोडींच्या काळात देवळालीतला एक मास्तर वजाबाक्या करीत बसला होता, हे चित्र काहींना विसंगत वाटेल. पण राज्ये बदलतात आणि ६१७४ बदलत नाही, हेही तितकेच खरे.

जनक नसलेल्या संख्या

त्याच सुमारास कापरेकरांनी मांडलेली दुसरी कल्पना अधिक खोल आहे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ होतात. २४ वरून ३०, ३० वरून ३३, ३३ वरून ३९. या रीतीने २१ ही २४ ची जनक ठरते. आता उलटा प्रश्न विचारावा : प्रत्येक संख्येला जनक असतो काय? नसतो. १४ पासून १९ मिळतात, १५ पासून २१ मिळतात. २० मात्र कोठूनही मिळत नाहीत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४ अशी ही जनकहीन संख्यांची मालिका आहे. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू हे नाव दिले. तुळजापूरच्या भवानीला भाविक स्वयंभू मानतात. तेव्हा या जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही हा शब्द फोड करून सांगावा लागणार नाही. परिभाषा परक्या भाषेतूनच यावी लागते, या समजाला दिलेले हे शांत उत्तर होते.

काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. १०१ ला दोन आहेत, ९१ आणि १००. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या तेरा शून्यांच्या मजलीवर आहे : एकावर तेरा शून्ये आणि त्यात एक मिळविलेला. चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या पंचवीस अंकी आहे; एकावर एकवीस शून्ये आणि मग १०२. ती कापरेकरांनी १९६१ साली शोधून काढली. त्या वेळी संगणक हे यंत्र देशात मोजक्याच संस्थांत होते आणि देवळालीच्या मास्तरांच्या हाताशी कागदाखेरीज काही नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधामागच्या चिकाटीची कल्पना येते.

त्यांच्या इतर मालिकांची नावेही अशीच घरगुती आहेत. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. ६१७४ ही स्वतःच हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने भागून ३४३ येतात. रामानुजनांच्या नावाशी निगडित झालेली १७२९ ही संख्याही हर्षदच. तिला १९ ने भाग जातो. मुंबईहून येणाऱ्या तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्थानकावर जी कल्पना सुचली, तिच्यातून निघालेल्या संख्यांना त्या स्थानकावरून डेम्लो हे नाव पडले; आजचे डोंबिवली ते हेच. नुसत्या एककांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १२१, १२३२१ अशा देखण्या संख्या, या घराण्यातल्या. आणि ज्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले त्या संख्यांचे उदाहरण म्हणजे ४५ : तिचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७.

उपेक्षेचे कारण

एवढे काम होऊनही देशातील गणिती वर्तुळात कापरेकरांना मान मिळाला नाही, उलट पुष्कळांनी त्यांची थट्टाच केली. त्यांच्या पुस्तिका बहुतांशी त्यांनीच छापल्या आणि देवळालीच्याच पत्त्यावरून प्रसिद्ध केल्या. स्वयंभू संख्यांवरील पुस्तिका १९५९ आणि १९६३ साली अशाच निघाल्या. या उपेक्षेला केवळ मत्सर म्हणून चालणार नाही. तिच्यामागे एक विचार होता आणि तो समजून घेतला पाहिजे.

तो विचार असा की, अंक म्हणजे संख्या नव्हेत. संख्या स्वयंसिद्ध आहे. तिचे अंक हे आपण दहाच्या पटीत मोजण्याचे ठरविले म्हणून पडलेले रूप आहे. आठाच्या पटीत मोजू लागलो तर ६१७४ चा महिमा संपतो. तेव्हा अंकांच्या मांडणीवरून निघणारे नियम हे लिपीचे गुण आहेत, गणिताचे सत्य नव्हे. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नेमके याच जातीचे उदाहरण घेऊन हा पक्ष मांडला. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींच्या मते ही गोष्ट कोड्यांच्या सदराला शोभणारी आहे, गणितज्ञाचे मन तिच्यात रमण्यासारखे काही नाही. हेच हार्डी १९१३ साली मद्रासच्या बंदर कचेरीतील एका कारकुनाचे पत्र वाचून चकित झाले होते. त्यांना पदवीचा किंवा पदाचा अहंकार होता, असे म्हणण्याला म्हणूनच जागा नाही. त्यांचा आक्षेप माणसावर नव्हता, प्रश्नांच्या जातीवर होता.

हा आक्षेप अर्धा खरा आहे. ६१७४ चा मान दहाच्या पटीतील मोजणीला बांधलेला आहे, हे नाकारता येत नाही. परंतु स्वयंभू संख्यांचा प्रश्न कोणत्याही पटीत विचारता येतो आणि प्रत्येक पटीत त्याला आपापले उत्तर आहे. अशा संख्या किती दाट पसरलेल्या आहेत, हा प्रश्न मुळीच पोरखेळाचा नाही. ए. नरसिंग राव यांच्यासारख्या जाणत्या गणितज्ञाने १९६६ साली अनेक जनक असलेल्या संख्या मिळविण्याच्या रीतीवर लेखन केले. व्ही. एस. जोशी यांच्या १९७३ सालच्या गुजरात विद्यापीठातील प्रबंधात स्वयंभू संख्यांना स्थान मिळाले. १९८२ साली इटलीच्या उंबेर्तो झानियर यांनी या संख्यांचे प्रमाण मोजत मोजत कितीही पुढे गेले तरी शून्यावर येत नाही, हे सिद्ध केले. हर्षद संख्या सलग वीसपेक्षा जास्त येऊ शकत नाहीत, ही सिद्धता कूपर आणि केनेडी या दोघांनी १९९३ साली दिली. २००० साली डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचा संबंध नऊ-नऊ-नऊ अशा संख्यांच्या विभाजकांशी जोडून दाखविला. खेळ म्हणून मांडलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळवायला असे गंभीर गणित लागले.

शिवाय ही वाट कापरेकरांनी एकट्याने पाडलेली नव्हती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, इ. स. ११५० मध्ये, अंकपाश नावाचे शेवटचे प्रकरण आहे. दिलेल्या अंकांपासून किती संख्या होतील आणि त्या सर्वांची बेरीज किती, असे प्रश्न त्यात आहेत. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला. ज्या भूमीने जगाला दशमान पद्धती दिली, तेथील विद्वानांनी त्या पद्धतीच्या अंगभूत गमतीकडे पाहून नाक मुरडावे, यात थोडी विसंगती खचित आहे.

मान आला तो उशिरा आणि बाहेरून

१९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांच्या कामाचा परिचय करून दिला आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा त्यांनी नुकतीच सत्तरी ओलांडली होती. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या पूर्णांक-मालिकांच्या संग्रहात आज साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. स्वयंभू, हर्षद आणि कापरेकर संख्या या तिन्हींना त्यात आपापले क्रमांक आहेत. परदेशात हर्षद संख्यांना १९७७ नंतर एका अमेरिकी गणितज्ञाच्या नावाने ओळखण्याचा प्रघात पडला, तरी मूळ संस्कृत नावही तेथे टिकून आहे.

पण गार्डनर यांचा लेख येण्यापूर्वीची नऊ वर्षे विसरता येत नाहीत. १९६६ साली कापरेकरांच्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतर निवृत्तिवेतनात भागेना. गरजा अगदी थोड्या असलेला हा माणूस. तरीही उदरनिर्वाहासाठी त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. म्हणजे ज्या वयात पंचवीस अंकी संख्यांचा माग काढायचा, त्या वयात मुलांची परीक्षेची तयारी करून घ्यावी लागली. तरीही अंकांची संगत सुटली नाही. कोपर्निकसच्या नावाने त्यांनी रचलेला जादूचा चौरस १९७४ साली प्रसिद्ध झाला, तो याच काळातला. शाळा-महाविद्यालयांतून बोलावणे आले की ते आनंदाने जात आणि मुलांपुढे संख्या मांडीत. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

उपयुक्ततेची फूटपट्टी

अर्थव्यवहारात प्रत्येक खर्चामागे लाभ विचारला जातो आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तो विचारलाच पाहिजे. परंतु या फूटपट्टीने कापरेकर मोजू लागलो तर गणित चुकते, कारण येथे खर्चाचा रकाना जवळजवळ कोरा आहे. समाजाने त्यांच्या संशोधनावर काही खर्च केलेला नाही. त्यांना एकच भांडवल लागले आणि ते म्हणजे मोकळा वेळ. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास आणि सुट्टीचा दिवस. शिक्षकाच्या नोकरीत पूर्वी पगार थोडा होता, पण हे भांडवल त्याच्या मालकीचे होते.

आजची स्थिती उलट झाली आहे. पगार सुधारला आणि वेळ गेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू नयेत, असे स्पष्ट सांगितले. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते भरणे, आहाराचे हिशेब ठेवणे, सर्वेक्षणे आणि अहवाल यांत शिक्षकाची संध्याकाळ संपते, ही तक्रार राज्यभर ऐकू येते. धाराशिव जिल्हा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यात शाळांचे मोजमाप वाढणे स्वाभाविक आहे आणि त्याची गरजही आहे. परंतु मोजमापाची नोंद ठेवण्यातच शिकवणाऱ्याचा वेळ जाऊ लागला, तर मोजायला उरते काय, याचा विचार व्हायला हवा.

कापरेकरांना रामानुजनांच्या पंक्तीला बसविण्याचे कारण नाही. तसे करणे दोघांवरही अन्याय ठरेल. त्यांचे थोरपण निराळे आहे. सामान्य बुद्धीच्या मुलालाही प्रवेश असलेल्या दालनाची किल्ली त्यांनी शोधली. परंडा किंवा भूम तालुक्यातील एखाद्या शाळेत प्रयोगशाळा नसेल, ग्रंथालय नसेल. पण पाटी आहे आणि दहा अंक आहेत. एखाद्या मुलाने ६१७४ पर्यंत जाऊन पोहोचल्यावर, हे असे का होते, असे विचारले, तर त्या क्षणी तो घोकणारा विद्यार्थी राहत नाही. तो प्रश्न ऐकायला समोर फुरसत असलेला मास्तर हवा. तसा मास्तर निर्माण करणे कोणत्याही खात्याच्या हाती नाही. त्याची संध्याकाळ त्याला परत देणे आणि म्हातारपणी त्याला शिकवण्यांवर जगावे लागू नये एवढे पाहणे मात्र खात्याच्या हाती आहे, आणि कापरेकरांचे खरे स्मारक तेच होईल.